मराठी गूढ शब्दकोडे रचण्याच्या नोंदी: इंदूर, जानेवारी ते एप्रिल २०२५

रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी सहा जण जमतात, पोह्यांच्या बशा बाजूला सारतात आणि इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडे सोडवायला घेतात. त्याच जातीचे कोडे मराठीत रचून गुढीपाडव्याला मंडळाबाहेरच्या लोकांपुढे ठेवायचे, असे या वर्षी ठरले. हे काम आणखी कुणाला करायचे असेल, तर आमचे जे आठवडे वाया गेले ते त्याचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

५ जानेवारी, रविवार

निर्णयामागचे कारण लिहून ठेवते. आमच्यातल्या मावशींनी आयुष्यभर संस्कृत आणि मराठी शिकवले. शब्दांची त्यांच्याइतकी पक्की जाण आमच्यापैकी कुणालाही नाही, पण इंग्रजी कोड्यापुढे त्या गप्प बसतात आणि आम्हांला चहा विचारतात. हे मला फार दिवसांपासून खटकत होते.

नवख्यांसाठी एवढेच सांगते की, गूढ कोड्यातल्या प्रत्येक सूत्रात दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्या भागात त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ असतो. दोन्हींचा सांधा दिसू नये, अशा रीतीने सूत्राचे वाक्य लिहायचे असते. कंसातला आकडा उत्तराची लांबी सांगतो. मावशींनी पहिल्याच बैठकीत रचलेले सूत्र असे होते: "शाळेत शिकतात, दमल्यावर टेकतात (२)". उत्तर 'पाठ'. टाळ्या पडल्या आणि हे काम सोपे आहे असा आमचा समज झाला.

खर्च: चौकटींची वही, ६० रुपये.

८ जानेवारी, बुधवार

पहिली चूक. इंग्रजी वर्तमानपत्रातली १५ बाय १५ ची चौकट जशीच्या तशी वहीत उतरवली आणि शब्द भरायला बसले. त्या चौकटीत सात, आठ, नऊ घरांचे शब्द लागतात. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर सगळे त्याच घरात असते. त्यामुळे 'महाराष्ट्र' एवढा भारदस्त शब्दसुद्धा चारच घरे व्यापतो. 'विश्वविद्यालय' सहा घरांपुढे जात नाही. नऊ घरांचा शब्द हवा असेल, तर समास जोडत बसावे लागते आणि तो शब्द कुणाच्या बोलण्यात नसतो. चार संध्याकाळी, सुमारे नऊ तास, वाया गेले. मराठी शब्द अक्षरांच्या मापाने आखूड असतात, हे आधी लक्षात घेऊनच चौकट आखावी.

१२ जानेवारी, रविवार

भाचा संगणक अभियंता आहे. त्याने शब्दांची यादी लांबीनुसार लावून देण्याचे कबूल केले होते. आज यादी आली ती निरुपयोगी होती. त्याच्या संगणकाने 'राजवाडा' या शब्दाची लांबी सात सांगितली आणि 'महाराष्ट्र' या शब्दाची दहा, कारण तो काना आणि पाय मोडण्याची खूणही स्वतंत्र धरून मोजतो. शब्द उलटा करायला सांगितला, तेव्हा काने सुटे होऊन भलत्याच अक्षरांना चिकटले.

भाच्याला मी वाल्या कोळ्याची गोष्ट आठवून दिली. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' होते, याचा अर्थ 'रा' हे एकसंध अक्षर आहे आणि उलटताना त्याचा काना त्याच्याबरोबरच जातो. त्याने त्या आधारावर नियम लिहिला की, व्यंजनापासून किंवा सुट्या स्वरापासून पुढच्या व्यंजनापर्यंत किंवा सुट्या स्वरापर्यंत जे काही आहे ते एक घर, आणि हलन्त आला तर पुढचे व्यंजनही त्याच घरात. दुपारपर्यंत यादी दुरुस्त झाली. 'मरा आणि राम' हीच आमची कसोटी ठरली: वाल्याला जे साधले ते सूत्राला साधले पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

चौकट ९ बाय ९ ठरवली. ८१ घरांपैकी ३१ काळी, ५० पांढरी, शब्द २४. त्यांतले सहा शब्द दोन अक्षरी आहेत. इंग्रजी कोड्यात इतके आखूड शब्द चालत नाहीत, पण मराठीत ते सोडले तर हातात फार थोडे उरते. चौकट अर्ध्या फेऱ्याने फिरवली तरी तीच दिसावी, हा दंडक पाळला.

खरी झुंज सामाईक घरांची आहे. आडवा आणि उभा शब्द जिथे मिळतात तिथे इंग्रजीत २६ अक्षरांपैकी एक जुळवायचे असते. आपल्याकडे एकट्या 'क'ची बाराखडीच १२ घरांची आहे. 'नदी' आडवी लिहिली आणि 'दी'खाली 'दिवस' लिहायला गेले, तर बसत नाही, कारण नदीतला 'दी' दीर्घ आणि दिवसातला 'दि' ह्रस्व. तिथे 'दीर' बसतो. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार बहुधा दीर्घच असतो, त्यामुळे ज्या आडव्या शब्दाचे शेवटचे घर सामाईक आहे, तिथे ही अडचण हटकून येते.

काकांचे म्हणणे असे की, सामाईक घरात ह्रस्व-दीर्घ सारखेच मानावे. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटसुलट सारखे आहे असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्याच्या एका टोकाला 'चि' आहे आणि दुसऱ्या टोकाला 'ची', तरी कुणी हरकत घेतली नाही. मावशींनी त्याच्यासमोर 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' ही वाक्ये ठेवली. ती अक्षरशः काटेकोर आहेत. त्यांनी विचारले की, नीट लिहिणाऱ्या माणसाला आपल्या चौकटीत चुकीचे लिहायला भाग पाडायचे का? मला त्यांचे पटले. काटेकोरपणाच ठेवायचे ठरले.

२८ जानेवारी, मंगळवार

शब्द भरून झाले. एकूण २१ तास लागले. उपयोगी पडलेली एकच युक्ती नोंदवते. सामाईक घरांवर शक्यतो बिनमात्रेची अक्षरे आणावीत. र, क, न, ल, म, त, व आणि स यांच्यावर दोन्हीकडून शब्द सहज मिळतात. काने, वेलांट्या आणि जोडाक्षरे एकाच शब्दातल्या मोकळ्या घरांत ढकलावीत. 'राजवाडा' मात्र मला पहिल्याच ओळीत हवा होता. होळकरांचा राजवाडा ज्या इंदुरात आहे, तिथल्या कोड्यात तो शब्द नसावा, हे मनाला मानवत नव्हते. त्याच्या 'रा'खाली 'रावा' आणि 'वा'खाली 'वादळ' बसवायला एक अख्खा रविवार गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

सूत्रे लिहायला सुरुवात केली. शिस्त कोणती पाळायची यावर बोलणे झाले. इंग्रजीत अॅफ्रिट या टोपणनावाच्या रचनाकाराने १९४९ साली मांडलेले तत्त्व असे की, सूत्र वरवर जे बोलते ते त्याच्या मनात नसले तरी चालेल, पण जे मनात आहे ते सूत्रात लिहिलेलेच असले पाहिजे. झिमेनीस, म्हणजे डी. एस. मॅकनट, यांनी १९६६ साली ती शिस्त आणखी कडक केली: नेमका अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ आणि त्याखेरीज काहीही नाही.

'काहीही नाही' हा भाग अवघड निघाला. माझे सूत्र होते: "एक मळका सदरा लपवतो चिखलातले फूल (३)". 'एक मळका' यात 'कमळ' सलग दडलेले आहे. मी खूश होते. काकांनी विचारले की, सदरा कशासाठी आला आहे? त्याची काही अक्षरे वापरली आहेत का? नव्हती. तो केवळ वाक्य शोभावे म्हणून आला होता. पुढचे तीन दिवस तो सदरा काढण्याचा प्रयत्न केला आणि अखेर वाक्यच बदलले: "अनेक मळभांत दडलेले फूल (३)". यात दोन्ही शब्द लागतात आणि एकही फुकट नाही. पहिल्या सूत्राचे चित्र जास्त गमतीदार होते हे मला आजही मान्य आहे, पण सोडवणारा प्रत्येक शब्द तोलून पाहतो आणि बिनकामाच्या शब्दावर त्याचा वेळ जातो. तो वेळ आपण त्याच्याकडून घेत असतो.

आणखी एक अडचण आली, ती लिंगाची. 'मान' साठी वहिनींनी लिहिले होते: "व्याह्यांना हवा असलेला गळ्याचा मागचा भाग (२)". मिळतो तो मान, पण गळ्यामागची ती मान. एकाच वाक्यात दोन्ही लिंगे सांभाळता येत नाहीत आणि विशेषण लगेच चहाडी करते. मावशींनी स्वतःचे 'पाठ'चे सूत्र पुन्हा वाचले आणि त्यातले कारण त्यांच्या लक्षात आले. 'शिकतात' आणि 'टेकतात' ही क्रियापदे कर्त्याप्रमाणे चालतात, त्यामुळे पाठ तो की ती हे उघड होत नाही. त्याच धर्तीवर नवे सूत्र झाले: "व्याह्यांना देतात, लाजल्यावर खाली घालतात (२)". दुहेरी अर्थाचे सूत्र लिहिताना क्रियापद असे ठेवावे, हे आम्हांला कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडले नसते.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची बैठक साडेचार तास चालली आणि ती सर्वांत महत्त्वाची ठरली. विषय होता सामान्यरूप.

'पाऊस' साठी माझे सूत्र होते: "पाण्याचा आरंभ उसाआधी, शेतकरी वाट पाहतो (३)". 'पाणी' या शब्दाचे पहिले अक्षर 'पा', त्यापुढे 'ऊस'. काकांनी बोट ठेवले की, सूत्रात 'ऊस' कुठे आहे? तिथे 'उसा' आहे. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की शब्द आतून बदलतो. ऊस, उसाला, फूल, फुलाला, पाणी, पाण्याला. इंग्रजी शब्दापुढे शब्दयोगी स्वतंत्र उभे राहते आणि शब्दाला धक्का लागत नाही, म्हणून त्यांच्या शिस्तीत याबद्दल एक ओळही नाही.

दोन तास उदाहरणे घालून पाहिली आणि एक भेद सापडला. सूत्रातला शब्द दोन कारणांनी आलेला असतो. कधी तो केवळ अर्थासाठी येतो आणि सोडवणाऱ्याने त्याचा समानार्थी शब्द शोधायचा असतो. अशा शब्दाने कोणतेही रूप घ्यावे, कारण त्याची अक्षरे वापरायचीच नाहीत. कधी मात्र शब्द अक्षरांसाठी येतो. तो मूळ रूपातच उभा पाहिजे, प्रत्ययाशिवाय. या नियमाने 'उसाआधी' बाद झाले आणि सूत्र असे झाले: "पाण्याचा आरंभ, पुढे ऊस, शेतकरी वाट पाहतो (३)".

मग 'पाण्याचा आरंभ' तरी कसा चालतो, असा प्रश्न भाच्याने रास्तपणे विचारला. तो चालतो, कारण 'पाणी' घ्या की 'पाण्याचा' घ्या, आरंभ 'पा' हाच राहतो. शेवट मात्र राहत नाही. 'वादळ' साठी काकांनी लिहिले होते: "भांडण, मग कमळाचा शेवट: सुसाट वारा (३)", म्हणजे 'वाद' आणि 'ळ'. पण 'कमळाचा' या शब्दाचा शेवट 'चा' आहे. ते "भांडण, मग कमळ सरते तिथे सुसाट वारा (३)" असे केले. शब्दाचे पहिले अक्षर घेणे बहुधा सुरक्षित असते, शेवटचे घेताना तो शब्द बिनप्रत्ययाचा आहे ना हे पाहावे. ऊस आणि फूल यांच्यासारख्या शब्दांत पहिले अक्षरही दगा देते, तेव्हा तिथेही पाहावे.

या नियमाचा सर्वांत मोठा लाभ 'राजवाडा'ला झाला. 'राडा' या शब्दाच्या पोटात 'जवा' घातला की 'राजवाडा' होतो आणि 'जवा' हे 'जेव्हा'चे गावरान रूप आहे. आधीचे सूत्र होते: "खेडूत जेव्हा राड्यात सापडतो, तेव्हा होळकरांची सातमजली वास्तू (४)". यात 'राडा' अक्षरांसाठी आला आहे आणि तो 'राड्यात' झाला आहे. नियमाला धरून 'राड्यात' काढले आणि 'दंगलीत' घातले. आता सोडवणाऱ्याने दंगलीवरून राडा शोधायचा, आणि अर्थासाठी आलेल्या शब्दाला विभक्ती घ्यायला मोकळीक आहेच. "खेडूत जेव्हा दंगलीत सापडतो, तेव्हा होळकरांची सातमजली वास्तू (४)". माझ्या मते कोड्यातले हे सर्वांत चांगले सूत्र आहे आणि ते एकटीचे नाही, चौघांचे आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्याच मराठीची परीक्षा झाली. इंदुरात आपण घरी मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. दोन्हींची सरमिसळ कुठे होते ते आपल्याला कळतही नाही. वहिनींनी सूत्र दिले होते: "ताप उलटला, ठिकाण कळले (२)". उत्तर 'पता'. आम्ही पाच जणांनी ते वाचले आणि मान्य केले. मावशी उशिरा आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे पत्ता असतो." ते 'त्त' आमच्या कानांतून कधी निसटले ते कळले नव्हते. सूत्र काढले आणि तिथे 'वर' घातला: "बोहल्यावर उभा, खाली नव्हे (२)".

'कल' या शब्दावर मात्र दोन मते पडली. सूत्र होते: "काल किंवा उद्या झुकाव (२)". भाच्याचे म्हणणे की, इंदूरच्या माणसाला हे चटकन सुटेल. माझे म्हणणे की, कोडे मराठी आहे, पुण्या-नागपूरच्या पाहुण्यालाही ते सुटले पाहिजे, आणि दुसऱ्या भाषेतला अर्थ वापरायचा असेल तर तशी खूण सूत्रात दिली पाहिजे. तडजोडीतून आलेले सूत्र मूळापेक्षा चांगले झाले: "शेजाऱ्यांचा काल, शेजाऱ्यांचाच उद्या, आपला झुकाव (२)".

तिसरी चूक माझी, आणि तीच सर्वांत महाग पडली. 'पालक' या शब्दाची अक्षरे हलवली की 'कपाल' होते. त्यावर मी लिहिले होते: "पालक बिथरले, आठ्या इथेच पडतात (३)". सगळ्यांना आवडले. रात्री झोपताना लक्षात आले की, मराठीत आठ्या कपाळावर पडतात. 'कपाल' म्हणजे कवटी. 'ल' आणि 'ळ' यांतला फरक ज्या भाषेत अर्थ बदलतो, त्या भाषेचे कोडे रचताना मी हिंदीच्या कानाने ऐकले होते. "पालक बिथरल्यास कवटी (३)" असे करून पाहिले, पण ते वाक्य कुणालाच रुचले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

'कपाल' काढल्याने 'क' आणि 'ल' ही दोन सामाईक घरे उघडी पडली. दोन्ही सांभाळणारा दुसरा शब्द मिळाला नाही. 'नवल' बसवला, त्यासाठी 'क'पासून सुरू होणारा उभा शब्दही बदलावा लागला. पाच दिवस गेले. सर्व उत्तरे शब्दकोशात तपासून झाल्याशिवाय सूत्रे लिहायला घेऊ नयेत.

२ मार्च, रविवार

पहिली चाचणी. मंडळाबाहेरच्या तिघांना बोलावले: शेजारचे एक दांपत्य आणि भाच्याच्या महाविद्यालयातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा. दीड तासात २४ पैकी पाच शब्द सुटले.

सूत्रे फार कठीण आहेत, असे काकांना वाटले. मला तसे वाटले नाही, म्हणून त्या तिघांच्या शेजारी बसून ते कसे वाचतात हे ऐकले. ते सूत्राकडे सरळ वाक्य म्हणून पाहत होते. "गरम ढवळले तर वर आला पाण्यातला शिकारी (३)" हे वाचून त्यांच्या डोक्यात सूप आणि कढी येत होती. 'ढवळले' ही 'गरम' या शब्दाची अक्षरे हलवण्याची आज्ञा आहे आणि उत्तर 'मगर' आहे, हे एकदा दाखवल्यावर शेजारच्या काकूंनी पुढची दोन सूत्रे स्वतः सोडवली. म्हणजे कमतरता सूत्रांत नव्हती, ओळख करून देण्यात होती.

त्या मुलाला 'जवा' हा शब्द ठाऊक नव्हता. त्याचे पणजोबा महाराष्ट्रातून इकडे आले. घरात प्रमाण मराठी टिकली, पण शेतातली बोली तीन पिढ्यांपूर्वीच मागे राहिली. माझ्याकडे आणखी एक गावरान शब्दाचे सूत्र होते: "गावच्या चहाचा भाव थंडीत अंगावर घेतात (३)", म्हणजे 'चा' आणि 'दर' मिळून 'चादर'. एका कोड्यात बोलीचे दोन शब्द इथल्या तरुणांना जड जातील, म्हणून 'चादर'चे सूत्र साधे करून घेतले आणि 'राजवाडा' ठेवला, कारण त्याची व्याख्या इंदूरच्या पोरालाही चुकणार नाही.

९ मार्च, रविवार

पहिल्या पानावर तीन सोडवलेली उदाहरणे आणि वाल्या कोळ्याचे 'मरा, राम' घातले. कंसातला आकडा म्हणजे अक्षरे, मात्रा वेगळ्या मोजू नयेत, हेही लिहिले. दोन नवे लोक बसवले. १७ शब्द सुटले.

१८ मार्च, मंगळवार

छपाईसाठी मजकूर हाताने लिहून दिला. अक्षरजुळणीचे ३०० रुपये, प्रत ३ रुपये, ४० प्रती. उद्या रंगपंचमी आहे. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, राजवाड्याकडचे सगळे रस्ते रंगात असतात आणि दुकाने बंद राहतात. दोन दिवस काम होणार नाही, हे मी आधी धरायला हवे होते. प्रूफ पाहण्याचा वेळ त्यात गेला आणि मी तशीच छापायला परवानगी दिली.

२२ मार्च, शनिवार

४० प्रती हातात आल्या आणि त्या वापरता आल्या नाहीत. जुळणी करणारा हिंदीचे काम करतो. त्याच्या कळफलकावर मराठी 'ऱ' नाही, त्यामुळे 'शेजाऱ्यांचा' या शब्दात 'य'च्या डोक्यावर रफार चढला. होळकरांचे 'होलकर' झाले. हे दोष वाचकाने समजून घेतले असते. खरा घात 'मळभांत' या शब्दाचा 'मलभांत' झाल्याने झाला. 'अनेक मलभांत' यात 'कमल' दडते आणि कमल हेही फूलच. म्हणजे सूत्र मोडले नाही. चुकीचे उत्तर देणारे नेटके सूत्र तयार झाले, आणि शेवटच्या सामाईक घरात 'ळ' हवा असताना सोडवणारा 'ल' लिहून पुढे अडकला असता.

भाच्याने रात्री बसून सगळा मजकूर घरीच मराठी कळफलकावर टंकित केला आणि छापणाऱ्याकडे केवळ छपाईसाठी तयार पाने नेली. पुन्हा १२० रुपये. एकूण खर्च ६०० रुपये, त्यांपैकी ४२० टाळता आले असते, कारण अक्षरजुळणी आणि पहिल्या प्रती दोन्ही फुकट गेल्या. ज्याला हे काम करायचे आहे त्याने मजकूर स्वतः टंकित करावा आणि छापलेल्या पहिल्या प्रतीतला प्रत्येक 'ळ' आणि प्रत्येक 'ऱ' बोट ठेवून तपासावा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर अंगणात सतरंजी घातली. २६ जणांनी प्रती घेतल्या. चौघांनी कोडे पूर्ण सोडवले. त्यांतल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या होत्या आणि दोघींनीही आयुष्यात इंग्रजी क्रिप्टिक पाहिलेले नव्हते. 'राजवाडा' सुटला तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मोठ्याने "राडा!" म्हणाले, आणि मावशींनी माझ्याकडे पाहिले. जानेवारीपासूनचा शीण त्या क्षणी उतरला.

एक चूक मात्र सर्वांच्या नजरेतून सुटून छापली गेली. सूत्र होते: "धान्य उलटे काम (२)". आमचे उत्तर 'मका'. सहा जणांनी 'काम' लिहिले आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते. 'उलटे' हा शब्द मधोमध उभा आहे, तो डावीकडे लावायचा की उजवीकडे हे सूत्र सांगत नाही. त्यातून शब्द दोन अक्षरी आणि सामाईक घर एकच. ज्यांनी 'काम' लिहिले त्यांचा उभा शब्दही त्यामुळे अडला. मी त्या सहाही जणांना भेटून चूक आमची आहे हे सांगितले.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

'मका'चे सूत्र दुरुस्त केले: "काम उलटल्यास धान्य (२)". 'उलटल्यास' आता 'काम' या शब्दालाच चिकटून आहे आणि काम मूळ रूपात आहे.

पुढच्या चौकटीत दोन अक्षरी शब्द दोनच ठेवायचे ठरले. उन्हे कडक झाली आहेत, गच्चीवर पापड-कुरडया पडू लागल्या आहेत, म्हणून मावशींनी पहिला शब्द 'वाळवण' दिला. काकांनी लगेच सूत्र लिहिले: "अपुरा वाळा, जखमेची खूण, गच्चीवर उन्हात (४)". 'वाळा' अपुरा करून 'वाळ' आणि त्यापुढे 'वण'. वाचायला सुरेख आहे, पण वाळ्यातून काना काढणे म्हणजे अक्षर कापणे नव्हे, अक्षर बदलणे आहे. 'वाळा' या शब्दाचे शेवटचे अक्षर काढले तर 'वा' उरतो. वाल्याच्या कसोटीला ते उतरत नाही. काकांना पटलेले नाही. त्यांचे म्हणणे आहे की, तशी स्पष्ट खूण सूत्रात दिली तर मात्रा काढायला हरकत नसावी. सूत्र पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवले आहे.